दूध, ताक, प्रोटीन शेक आणि मसल्स: मला सतत विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात स्ट्रेंथ ट्रेनिंगची बॅच घेते, बहुतेक बायका आणि साठीच्या पुढची मंडळी असतात. व्हॉट्सअॅपवर रोज तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतेय. वाचा, आणि घरच्यांनाही वाचून दाखवा.

ताई, रोज दोन ग्लास दूध पितो, तरी दंड काही भरत नाहीत, असं का?

कारण दूध म्हणजे विटा. विटा आणून अंगणात रचल्या म्हणून घर उभं राहत नाही, गवंडी लागतो, आणि इथे गवंडी म्हणजे वजन. स्नायूवर त्याला झेपेल त्यापेक्षा थोडा जास्त भार पडला की शरीर म्हणतं हे परत होणार आहे, तयारी करायला पाहिजे, आणि मग ते प्रोटीन वापरून स्नायू जाड आणि ताकदवान करतं. भारच पडला नाही तर जास्तीचं प्रोटीन जळतं किंवा चरबीत जमा होतं, दंडात जात नाही. हे मी सगळ्यात आधी लिहितेय कारण खाली ड्रिंक्सबद्दल भरपूर सांगणार आहे आणि नेमके तेवढेच स्क्रीनशॉट फिरतात, व्यायामाचं कुणी वाचत नाही.

मला दिवसाला किती प्रोटीन लागतं?

साध्या निरोगी माणसाला आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने) २०२० मध्ये सांगितलेला आकडा आहे वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम. वजन उचलून स्नायू वाढवायचे असतील तर १.६ ग्रॅमच्या आसपास जा, त्याच्या फार पुढे गेलं तरी बहुतेकांना जास्तीचा फायदा होत नाही. म्हणजे ६० किलोच्या बाईला ९५ ग्रॅमच्या आसपास. वजन खूप जास्त असेल तर आत्ताच्या वजनाने गुणू नका, उंचीप्रमाणे जेवढं असायला पाहिजे तेवढं धरा नाहीतर आकडा बघूनच घाबराल.

आता तुमचं ताट बघा. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या भाजी, पातळ आमटी, संध्याकाळी चहा बिस्कीट, रात्री भात आमटी. असं जेवणारी बाई ४० ते ४५ ग्रॅमवर अडकते, मी बॅचमधल्या जवळजवळ सगळ्यांकडून तीन-तीन दिवसांचं लिहून घेतलंय आणि दरवेळी तेच निघतं. जी तफावत राहते त्यातली निम्मी दुधातून भरून निघू शकते, उरलेल्याला डाळी, कडधान्यं, अंडी, चिकन, मासे, सोयाबीन आहेतच.

एका ग्लासात नेमकं किती असतं?

२५० मिलीचा ग्लास धरा. गाईचं किंवा टोन्ड दूध असेल तर साधारण ८ ग्रॅम. म्हशीचं असेल तर ९ ते १०. फरक खरा फॅटमध्ये आहे, टोन्डमध्ये ३ टक्के, डबल टोन्डमध्ये दीड, फुल क्रीममध्ये ६, आणि घरच्या म्हशीच्या दुधात कधी त्याहूनही जास्त. म्हणून टोन्डच्या ग्लासात १५० कॅलरी आणि म्हशीच्या ग्लासात अडीचशेच्या घरात, प्रोटीन मात्र जेमतेम दीड-दोन ग्रॅमने जास्त. बारीक पोराला वजन वाढवायचंय तर म्हशीचं दूध सोनं आहे, पोट कमी करायचंय तर टोन्ड किंवा डबल टोन्ड घ्या.

ताकाबद्दल सगळ्यांची निराशा होते पण सांगते, एक वाटी दह्याचं चार ग्लास ताक केलं तर ग्लासमागे सव्वा ग्रॅम, बस. ताक प्या, उन्हाळ्यात तर प्याच, पण त्याला प्रोटीन ड्रिंक म्हणू नका.

मग घरी प्रोटीनवालं ड्रिंक कसं करायचं? पावडरचा डबा परवडत नाही.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. स्किम्ड मिल्क पावडर आणा. किराणा दुकानात मिळते, गुलाबजामला वापरतो तीच, फक्त पाकिटावर ‘स्किम्ड’ लिहिलंय आणि साखर घातलेली नाही एवढं बघा, चहासाठीची डेअरी व्हाइटनर वेगळी, त्यात साखर असते. या पावडरीत १०० ग्रॅमला ३४ ते ३६ ग्रॅम प्रोटीन असतं. ३० ग्रॅम पावडर एक ग्लास टोन्ड दुधात मिसळली की ८ आणि १०, झाले १८ ग्रॅम, कुठलाही महागडा डबा न घेता.

ही पावडर सरळ गरम दुधात टाकली की गुठळ्या होतात आणि मग लोक सोडून देतात. असं करा, आधी पेल्यात पावडर घ्या, त्यावर चार चमचे गार दूध घाला आणि चमच्याने पेल्याच्या कडेला दाबून दाबून कालवा, श्रीखंडासारखं गुळगुळीत झालं पाहिजे, चमचा उचलला की जाड धार पडते तेवढं. मग बाकीचं दूध थोडं थोडं घालत रवीने घुसळा. वर फेस येतो, चवीला आटवलेल्या दुधासारखं गोडसर लागतं, साखर लागतच नाही. वेलची घाला हवी तर. अर्धं केळं कुस्करून घातलं की शिकरणच झालं, आणि व्यायामानंतर शिकरणाइतकं सोपं दुसरं काही नाही, आपल्या आज्यांना हे कुणी शिकवायला आलं नव्हतं.

दुसरं म्हणजे बिनसाखरेचं पियुष. रात्री दही फडक्यात बांधून टांगा, सकाळी चक्का तयार. १०० ग्रॅम चक्का, दीडशे मिली दूध, दोन मोठे चमचे स्किम्ड पावडर, चिमूटभर जायफळ, दोन काड्या केशर असेल तर. घुसळून गार करा. यात १८ ते २० ग्रॅमपर्यंत प्रोटीन जातं. विकतच्या पियुषात साखर किती असते ते तुम्हाला माहिती आहे.

ज्यांना गोड नको त्यांनी चक्का घट्ट ताकासारखा फेटून त्यात मीठ, जिरेपूड, आलं घालून प्यावं, सोबत मूठभर फुटाणे.

चक्क्याचं आणि पनीरचं जे पाणी निघतं तेच व्हे प्रोटीन ना? मी तेच पिते रोज.

नाव तेच आहे पण गणित वेगळं आहे. त्या पाण्यात १०० मिलीला एक ग्रॅमसुद्धा प्रोटीन नसतं, बाकी सगळं पाणी, दुधातली साखर आणि थोडे क्षार. कारखान्यात हजारो लिटर चीजचं पाणी बारीक जाळीतून गाळून, पाणी आणि साखर बाजूला काढून, वाळवून त्याची पावडर करतात, तेव्हा ८० टक्के प्रोटीन मिळतं. घरचं पाणी फेकू नका हं, कणीक भिजवा, आमटीत घाला, पण पेलाभर पिऊन आज प्रोटीन झालं असं मानू नका. दुधातलं ८० टक्के प्रोटीन केसीन असतं आणि ते चक्क्यात, पनीरमध्ये राहतं. म्हणजे जे फडक्यात उरलं ते खा!

तालमीतले पैलवान कुठे पावडर घेत होते? नुसत्या दुधावर आणि थंडाईवर झालेच ना तयार?

झाले, आणि त्याचा मला फार अभिमान आहे. माझ्या वडिलांनी तरुणपणी तालीम केली, घरी पहाटे बदाम आणि मगज घोटायचा आवाज अजून कानात आहे. पण त्यांच्या दिवसाकडे नीट बघा. पहाटे चारला उठून जोर, बैठका, सपाट्या, लाल मातीचा हौदा खणणं, दोराने वर चढणं, मग जोड करून कुस्ती, संध्याकाळी परत तेच. कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान १९१२ मध्ये उभं राहिलं, तेव्हापासून तिथे उतरलेल्या पिढ्या दोन-दोन, तीन-तीन लिटर दूध पचवायच्या कारण मेहनत तेवढी होती. वस्ताद आधी मेहनत बघायचे आणि मग खुराक वाढवायचे. तीन लिटर म्हशीचं दूध म्हणजे शंभर ग्रॅमच्या वर प्रोटीन आणि जवळपास तीन हजार कॅलरी, हे ऑफिसात आठ तास बसणाऱ्याने केलं तर काय होईल ते तुम्हीच बघा.

बदाम चांगले, पण थंडाईतले दहा-बारा बदाम म्हणजे अडीच ग्रॅम प्रोटीन. थंडाईतलं खरं प्रोटीन दुधाचंच.

आणि धारोष्ण दुधाबद्दल. कोल्हापुरात गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसाळ ग्लास हातात देतात, त्याची मजा मला माहिती आहे, मी पण तिथेच वाढले. तरी सांगते, न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा ताप), टीबी असे आजार येऊ शकतात, गरोदर बायकांनी, लहान मुलांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी अजिबात पिऊ नये, आणि बाकीच्यांनीही घरी नेऊन तापवून प्यावं.

तापवलं की दुधातलं प्रोटीन मरतं म्हणतात?

नाही. उष्णतेने प्रोटीनची घडी उलगडते, तुटून नाहीसं होत नाही, पोटातलं आम्ल तेच काम करणार असतं. बिनधास्त उकळा.

दुकानात हाय प्रोटीन ताक, लस्सी, शेक आलेत, ते घ्यायचे का?

काही खरंच चांगले आहेत. २०० मिलीला १५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असणारी ताकं आणि लस्स्या मिळतात, त्यात दुधाचं किंवा व्हेचं प्रोटीन वरून घातलेलं असतं, प्रवासात, ऑफिसात, जिमच्या दारात उभं राहून प्यायला सोय आहे. मागे उलटून तीन गोष्टी बघायच्या. प्रोटीन किती, आणि ते १०० मिलीला लिहिलंय का अख्ख्या पॅकला. वरून घातलेली साखर किती. आणि कॅलरी किती. माझा नियम असा की १०० कॅलरीमागे निदान १० ग्रॅम प्रोटीन असेल तर ते प्रोटीन ड्रिंक, नाहीतर ते गोड दूध. साध्या फ्लेवर्ड दुधाच्या बाटलीत ६-७ ग्रॅम प्रोटीन आणि त्याच्या कितीतरी पट साखर असते.

मुलांना दुधात घालून देतो त्या चॉकलेटी पावडरींचंही तेच, बहुतेकांत माल्ट आणि साखर. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रीच्या साइट्सना सांगितलं की असली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढा. थोडक्यात, ग्लासातलं प्रोटीन दुधाचं असतं, डब्यातल्या पावडरीचं नव्हे.

व्हे पावडरचा डबा घेऊ की नको?

आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (एनआयएन) २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा, जेवणातून घ्या. मी त्याला थोडी मुरड घालते. जेवणातून होत असेल तर डबा नकोच. पण शाकाहारी आहात, दूध पचत नाही (कोणतं व्हे ते खाली सांगितलंय), दिवसभर बाहेर फिरतीवर असता, तर एक स्कूप व्हे हे औषधही नाही आणि विषही नाही, दुधाचाच एक भाग आहे.

घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. मी स्वतः एकदा एका दुकानातून स्वस्त मिळाला म्हणून डबा आणला, घरी आल्यावर बघितलं तर आतलं सील नीट चिकटलेलं नव्हतं आणि पावडर पाण्यात टाकली की तळाला पिठासारखा चोथा बसत होता. सगळी फेकली. तेव्हापासून बॅचला सांगते, बिल घ्या, एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ आकडी नंबर बघा, आणि भागाकार करा. स्कूप ३० ग्रॅमचा आणि प्रोटीन २४ ग्रॅम, म्हणजे ८० टक्के, बरोबर. स्कूप ५० ग्रॅमचा आणि प्रोटीन १० ग्रॅम असेल तर तो मास गेनर, म्हणजे वजन वाढवायची पावडर आहे, त्यात मुख्यतः साखर आणि स्टार्च.

जिम झाल्यावर अर्ध्या तासात प्यायलं नाही तर फुकट जातं का?

नाही हो, पळत घरी जाऊ नका. व्यायामानंतर निदान दिवसभर स्नायूची बांधणी नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालू असते. दिवसाचं एकूण प्रोटीन पहिलं महत्त्वाचं, मग ते तीन-चार वेळा वाटलेलं असणं, एका वेळी २० ते ३० ग्रॅम, आणि घड्याळ सगळ्यात शेवटी. आपल्याकडे खरी पडझड नाश्त्याला होते, म्हणून मी म्हणते ड्रिंक सकाळी घ्या, पोह्यांसोबत.

व्यायाम नेमका कोणता? मी रोज पाच किलोमीटर चालते.

चालणं चालू ठेवा, हृदयाला पाहिजेच. पण चालून स्नायू वाढत नाहीत. आठवड्यातून निदान दोन दिवस, जमलं तर तीन, वजनाचा व्यायाम. पाच हालचाली पुरतात सुरुवातीला: बसून उठणं म्हणजे बैठक, जमिनीवरून वजन उचलणं, छातीपासून ढकलणं म्हणजे जोर किंवा डंबेल प्रेस, आपल्याकडे ओढणं, आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. प्रत्येकाचे दोन-तीन सेट, एका सेटमध्ये ८ ते १२ वेळा, दोन सेटच्या मध्ये दोन मिनिटं बसा खुशाल.

मेख इथे आहे: बारावी बैठक झाल्यावर मनात यायला पाहिजे की अजून दोन झाल्या असत्या, तिसरी नसती झाली. वीस अजून झाल्या असत्या असं वाटत असेल तर वजन कमी आहे. हलक्या वजनानेसुद्धा स्नायू वाढतात, पण मग दमेपर्यंत करायला लागतं, म्हणून तर नुसत्या जोर-बैठकांवर पैलवानांच्या मांड्या भरायच्या, ते शेकड्यांनी मारायचे. आपल्याला वेळ नाही, आपण वजन वाढवू. वही ठेवा. तारीख, वजन, किती वेळा. मागच्या आठवड्यात १० किलोने ८ झाले तर या आठवड्यात ९ करा, १२ झाले की साडेबारा किलोवर जा. माझ्या बॅचमध्ये ज्या बायकांकडे वही आहे त्यांची ताकद वाढलीय आणि ज्यांच्याकडे नाही त्या सहा महिन्यांनी त्याच गुलाबी डंबेलवर आहेत, हे मी अगदी कळकळीने सांगते.

पहिले काही आठवडे ताकद वाढेल पण आरशात काही दिसणार नाही, कारण तेव्हा मेंदू आणि नसा शिकत असतात. घाबरू नका. आठव्या-दहाव्या आठवड्यात ब्लाउजच्या बाहीला कळतं.

बायका पुरुषी दिसायला लागतील का?

नाही. तेवढं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, आपल्यात नसतं.

आई ६६ वर्षांची आहे, तिला हे सगळं कशाला?

तिलाच तर सगळ्यात जास्त! वय वाढतं तसे स्नायू आपोआप झिजतात, आणि त्याच वयात एका वेळच्या प्रोटीनला शरीर कमी दाद देतं, म्हणजे तरुणाला १५-२० ग्रॅममध्ये जे होतं त्याला तिला २५-३० लागतात. आणि नेमकी याच वयात आपली माणसं रात्री दूध-भात नाहीतर नुसती पेज यावर येतात.

माझ्या आईला जमिनीवरून उठताना हात टेकून, मग गुडघा, मग पलंगाची कड धरून असं तीन टप्प्यांत उठायला लागायचं, देवपूजा तिने त्यामुळे खुर्चीवर आणली होती. आम्ही खुर्चीवरूनच सुरुवात केली, हात छातीवर घडी करून बसायचं, उठायचं, पाच वेळा. तीन आठवड्यांनी दहा वेळा. मग पाच लिटरचा तेलाचा भरलेला डबा पोटाशी धरून, तो साडेचार किलोच्या वर भरतो. सोबत सकाळी ते वर सांगितलेलं स्किम्ड पावडरचं दूध, दुपारी घट्ट वरण. पाचव्या महिन्यात ती पाटावर बसली आणि उठली, एक हात टेकून, एका दमात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, आम्ही दोघी काही बोललो नाही. पाट आता परत देवासमोर आहे.

ब्लड प्रेशर, गुडघ्याचं ऑपरेशन, हाडं ठिसूळ असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारून, आणि सुरुवातीला कुणीतरी शेजारी उभं राहून.

मला दूध पचत नाही, पोट फुगतं.

दुधातली लॅक्टोज नावाची साखर पचत नसते, प्रोटीनचा दोष नाही. दह्यात जिवाणूंनी ती थोडी कमी केलेली असते, चक्क्यात पाण्याबरोबर अजून निघून जाते, त्यामुळे बऱ्याच जणांना चक्का आणि पनीर चालतं. स्किम्ड पावडर मात्र जपून, त्यात निम्म्याच्या आसपास लॅक्टोज असतं. लॅक्टोज-फ्री दूध मिळतं, नाहीतर व्हे आयसोलेट, म्हणजे लॅक्टोज जवळजवळ सगळं काढलेली व्हे पावडर. आणि काहीच सोसत नसेल तर सोयाबीनचं दूध, अंडी. दुधाची खरी अॅलर्जी असेल, म्हणजे अंगावर गांधी येतात, श्वास लागतो, तर यातलं दुधाचं काहीच नको.

जास्त प्रोटीनने किडनी खराब होते ना?

निरोगी किडनीला मी वर सांगितलेल्या प्रमाणात त्रास होत नाही. पण किडनी आधीच दुखावलेली असेल तर प्रोटीन मोजून घ्यावं लागतं आणि ते तुमचे डॉक्टर ठरवतील, मी नाही. आपल्याकडे डायबेटिस आणि बीपी असलेल्या कितीतरी जणांना किडनीचं माहीतच नसतं, म्हणून चाळिशीपुढच्यांनी आधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या.

थायरॉईडची आणि लोहाची गोळी चालू आहे, शेक कधी घेऊ?

हे फार जणींचं असतं म्हणून नीट वाचा. दुधातलं कॅल्शियम दोन्ही गोळ्यांच्या आड येतं. थायरॉईडची गोळी उठल्यावर उपाशीपोटी पाण्याबरोबर, मग चहासुद्धा अर्धा-एक तास नको, आणि दुधाचं ड्रिंक त्याहून उशिरा, साडेदहा-अकराला घेतलंत तर उत्तम. कॅल्शियमची गोळी असेल तर त्यात ४ तासांचं अंतर. लोहाची गोळी दुपारी, लिंबूपाण्याबरोबर घ्या, दूध-चहापासून लांब.

खरवसात खूप प्रोटीन असतं का?

पहिल्या धारेच्या चिकात असतं, गाईच्या चिकात १४ टक्क्यांच्या आसपास, पण त्यातलं बरंचसं वासराला आजारांपासून वाचवणाऱ्या प्रतिपिंडांचं असतं. त्याचं पोट भरल्यावर उरला तर वर्षातून एकदा आवडीने खा. बाजारातला खरवस बऱ्याचदा दूध पावडरचा असतो, गोड पदार्थ म्हणून खा.

चतुर्मासात माझे फार उपास असतात, तेव्हा व्यायाम बंद ठेवू?

बंद नको. उपासाला खरी अडचण साबुदाण्याची आहे, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रोटीन नाहीच म्हटलं तरी चालेल. एकादशीला खिचडी निम्मी करा आणि त्याऐवजी सकाळी वेलचीचं दूध स्किम्ड पावडर घालून, दुपारी वाटीभर चक्का किंवा घरचं पनीर, राजगिऱ्याची भाकरी आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी बिनसाखरेचं पियुष. ६० ग्रॅमपर्यंत आरामात पोचता. तुमच्या घरी उपासाला पावडरचं दूध चालत नसेल तर एक लिटर दूध निम्मं होईपर्यंत आटवा, म्हणजे दोन ग्लासांत ३२ ग्रॅम प्रोटीन. त्या दिवशी वजन नेहमीपेक्षा थोडं कमी घ्या, सेट दोनच करा, आणि व्यायाम संध्याकाळी दूध पिऊन तासाभराने करा. निर्जळी असेल तर मात्र त्या दिवशी सुट्टी, दुसऱ्या दिवशी या.